छापील पुस्तक वाचता येत नाही, मग? ग्रंथालय, बोलकी पुस्तकं आणि ऑडिओबुक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ग्रंथालयाच्या टेबलापाशी आम्हाला सतत विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत दृष्टिहीन वाचक आहेत, त्यांची मुलंबाळं आहेत, शिक्षक आहेत आणि ‘मला काहीतरी मदत करायची आहे’ म्हणणारे डोळस लोकही आहेत. स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, शोधायला सोपं जावं म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. बोलकं पुस्तक आणि बाजारातलं ऑडिओबुक, यात फरक काय?

ऑडिओबुक हा धंद्याचा माल आहे. प्रकाशकाकडून हक्क घेतात, निवेदक स्टुडिओत वाचतो आणि वर्गणी भरणारा कुणीही ते ऐकतो. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप २०१७ साली भारतात आलं तेव्हापासून त्यात मराठी आहे. त्यासाठी कसलंही प्रमाणपत्र लागत नाही.

बोलकं पुस्तक एखादी संस्था किंवा ग्रंथालय तयार करतं, तेही छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच. त्यात मजकूर जसाच्या तसा असतो आणि बऱ्याचदा पान क्रमांकही सांगितलेले असतात. गाजलेली नवी कादंबरी हवी असेल तर आधी बाजारात बघा. पाठ्यपुस्तक, स्पर्धा परीक्षेचा संदर्भग्रंथ किंवा दुकानात न मिळणारं जुनं चरित्र हवं असेल तर संस्थांकडे विचारा.

बाजारातून घेताना पुस्तकाची लांबी बघत जा. मराठीचं एक पान वाचायला साधारण दोन मिनिटं लागतात. चारशे पानांची कादंबरी तीन तासांत संपत असेल तर ती संक्षिप्त आहे, जाहिरातीत तसं लिहिलेलं असो वा नसो.

२. बोलकी पुस्तकं देणाऱ्या ग्रंथालयाचं सभासद व्हायला पूर्ण अंध असावं लागतं का?

नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीही आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल (इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही दिसत नसेल), किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, तर ते अंधत्व. ६/१८ च्या खाली ३/६० पर्यंत दृष्टी असेल, किंवा क्षेत्र ४० अंशांहून कमी असेल, तर ती अल्पदृष्टी.

डोळे ठणठणीत असूनही पुस्तक वाचता न येणारी माणसं असतात, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा ऱ्हास किंवा पार्किन्सनमुळे पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेत अक्षरं दिसतात पण लागत नाहीत. अशांनाही ही सेवा घेता येते. अर्ज करताना ‘मला दिसतं, पण…’ असं संकोचून सांगायचं कारण नाही.

३. नाव कुठे नोंदवायचं?

सुरुवात सुगम्य पुस्तकालयापासून करा. २०१६ साली केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडिया (डेझी म्हणजे काय ते प्रश्न ५ मध्ये) आणि टीसीएस यांच्यासोबत सुरू केलेलं हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. देशभरातल्या संस्थांनी तयार केलेली पुस्तकं एकाच शोधपेटीत सापडतात, त्यात मराठीही आहेत. नोंदणीला दिव्यांगत्वाचा पुरावा लागतो. अर्ज अडला तर डेझी फोरमशी जोडलेली जवळची संस्था मदत करते.

मुंबईत वरळीची नॅब म्हणजे राष्ट्रीय अंध संघ, आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं एक्सआरसीव्हीसी केंद्र, ही चौकशीची ठिकाणं. एक्सआरसीव्हीसी २००३ पासून अभ्यासाची पुस्तकं वाचनसुलभ करण्याच्या, म्हणजे छापील न वाचता येणाऱ्यांना वाचता-ऐकता येतील अशा रूपात आणण्याच्या कामात आहे, म्हणून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी तिथे आवर्जून विचारावं. इंग्रजी पुस्तकं भरपूर लागत असतील तर बुकशेअर या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्वही घ्या.

४. वडिलांना वयामुळे दिसेनासं झालंय. प्रमाणपत्र काढलेलं नाही. आता काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. काचबिंदू किंवा मॅक्युलाचा ऱ्हास झालेले आजी-आजोबा स्वतःला ‘अंध’ म्हणवून घ्यायला तयार नसतात आणि घरच्यांनाही तो कागद काढणं जड जातं. तरीही काढा. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचा अर्ज करता येतो. नंतर नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. आधार कार्ड, फोटो आणि डोळ्यांचे जुने कागद जवळ ठेवा.

तोवर संस्थेला विचारून बघा. नेत्रतज्ज्ञाच्या पत्रावर तात्पुरतं काम होतं का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. टक्केवारीची धास्ती घेऊ नका. सरकारी सवलतींना ४० टक्क्यांची अट असते, पण वाचनसुलभ पुस्तकांना परवानगी देणाऱ्या कॉपीराइट कायद्याच्या कलमात टक्केवारीचा उल्लेखच नाही.

आणि एक विनंती. यादी करताना वडिलांनाच विचारा. मुलं परस्पर अध्यात्माची दहा पुस्तकं मागवतात. आठवड्याने आजोबांचा दबक्या आवाजात फोन येतो, ‘एखादी रहस्यकथा नाही का हो?’

५. डेझी म्हणजे काय? एमपी३ पुरत नाही का?

कादंबरी सरळ ऐकत जायची तर एमपी३ पुरतं. अभ्यासाला पुरत नाही. डेझी ही पुस्तकाची अशी रचना आहे, की ऐकणाऱ्याला प्रकरण, उपप्रकरण किंवा पानावर थेट उडी मारता येते. सर वर्गात म्हणाले, ‘पान ११४ काढा’, तर डेझीवाला विद्यार्थी बाकीच्यांबरोबरच ते पान काढतो. एमपी३वाला पट्टी मागेपुढे सरकवत बसतो.

काही डेझी पुस्तकांत नुसता आवाज असतो, काहींत नुसता मजकूर, काहींत दोन्ही. मजकूर असेल तर शब्दाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर तपासता येतं. मराठी शुद्धलेखन केवळ ऐकून येत नाही, ‘दीन’ आणि ‘दिन’ कानाला सारखेच. तेव्हा शाळकरी मुलांसाठी मजकूर असलेलंच पुस्तक मागा.

६. कोणतं अ‍ॅप, कोणतं यंत्र घ्यावं?

हातात स्मार्टफोन असेल तर वेगळं यंत्र लगेच घेऊ नका. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर आधीपासून असतात. डेझी आणि इपब (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार) उघडायला ईझीरीडर हे मोफत अ‍ॅप चांगलं चालतं. विंडोज संगणकाला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आहे, तो मराठीही वाचतो.

सत्तरीच्या पुढे नव्याने दृष्टी गेलेल्यांना मात्र गुळगुळीत काच नकोशी होते. बोट कुठे लागलं ते कळत नाही आणि चुकून भलत्यालाच फोन लागतो. त्यांना खरी बटणं असलेला डेझी प्लेअर द्या. केंद्राच्या एडिप योजनेतल्या साहाय्यक साधनांत डेझी प्लेअर आणि स्मार्टफोन दोन्ही येतात. उत्पन्नाची अट असते, शिबिराची माहिती जिल्हा समाजकल्याण किंवा दिव्यांग कार्यालयात मिळते.

७. मशीनचा आवाज ऐकवत नाही. माणसाच्याच आवाजात हवं, हा हट्ट बरोबर आहे का?

कथा-कादंबरीसाठी अगदी बरोबर. अभ्यास, बातम्या आणि संदर्भासाठी मशीनची सवय करून घ्या. जे पुस्तक कुणीच रेकॉर्ड केलेलं नाही, ते फक्त मशीनच वाचून दाखवणार.

मराठी आवाज पूर्वीपेक्षा बरेच सुधारले आहेत. गुगलच्या टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये मराठी आहे. मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरच्या ‘रीड अलाउड’मध्ये आरोही आणि मनोहर असे दोन मराठी आवाज मिळतात, ते तासभर ऐकले तरी कान दुखत नाहीत. खोड्या मात्र आहेत. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च मशीनला नेहमीच वेगळे काढता येत नाहीत. ‘पु. ल.’ आलं की टिंबाला वाक्य संपल्यासारखं थांबायचं. ‘इ. स.’, ‘रु.’ यांचंही तेच. स्वतः मजकूर तयार करत असाल तर संक्षेप पूर्ण लिहा, निम्मा त्रास वाचेल.

८. ऐकायला सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

सांगितल्यासारखं लिहिलेलं पुस्तक आधी घ्या. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याला उत्तम. वाक्यं छोटी, प्रसंग छोटे, आणि बाई समोर बसून सांगतायत असा सूर. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ तर रात्रीच्या गोष्टींतच मांडली आहे. तिच्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय, अशा ४२ रात्री. रोज एक ऐकली की कुठे थांबायचं हा प्रश्नच उरत नाही. विनोदात चिं. वि. जोशींच्या चिमणरावापासून सुरू करा. एकेक गोष्ट एका बैठकीत संपते.

मराठीत कथाकथनाची परंपरा आहे, तिचा फायदा घ्या. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथा सांगत फिरले. मिरासदारांची, शंकर पाटलांची आणि पु. ल. देशपांडे यांची त्यांच्याच आवाजातली ध्वनिमुद्रणं आहेत. मुळात श्रोत्यांसाठी सांगितलेल्या या गोष्टी, त्यामुळे कानाला लगेच बसतात. दृष्टी नुकतीच गेलेल्या माणसाला ‘पुस्तक ऐकणं’ कमीपणाचं वाटत असेल, तर आम्ही पहिल्यांदा हेच लावून देतो.

पन्नास सरदारांची नावं असलेली ऐतिहासिक कादंबरी पहिल्याच महिन्यात घेऊ नका. मागचं पान चाळून ‘हा कोण बरं?’ बघायची सोय ऐकताना नसते. कविता दिवसाला दोन-तीनच, त्याही माणसाच्या आवाजात. तळटीपांनी भरलेला इतिहास डेझीत, मजकुरासह (प्रश्न ५).

सुचवणाऱ्यांसाठी : अंध वाचकाला अंध माणसाच्या जिद्दीचंच पुस्तक काढून देऊ नका. त्याला राजकारण, पाककृती, शेअर बाजार, प्रेमकथा, काहीही हवं असू शकतं. शृंगारिक कादंबरी मागितली तर भुवया न उंचावता द्या.

९. ऐकताना झोप लागते किंवा लक्ष उडतं.

आडवं पडून ऐकू नका. पहिले काही दिवस वीस मिनिटांची मर्यादा ठेवा. अ‍ॅपमधला झोपेचा टायमर लावला की डोळा लागल्यावर पुस्तक पुढे पळत नाही. वेग थोडा वाढवूनही बघा, संथ वाचनात मन जास्त भटकतं. मुरलेले श्रोते दुप्पट वेगाने ऐकतात, पण कथेला तो वेग लावू नये असं आमचं मत.

१०. मराठी पीडीएफ आहे, पण स्क्रीन रीडर काहीतरी अगम्य बडबडतो. फोन बिघडलाय का?

फोन ठीक आहे, दोष फाइलचा. श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फाँटमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर आतलं वाचतो. पीडीएफ नुसत्या फोटोंची असेल तर तो गप्पच बसतो.

दोन्हींवर उपाय एकच, ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. फाइल गुगल ड्राइव्हवर चढवा आणि ‘गुगल डॉक्समध्ये उघडा’ करा, मराठी मजकूर युनिकोडमध्ये मिळतो, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरंच साठवली जातात. मोठी फाइल आधी दहा-दहा पानांत तोडा. मग डोळस माणसाकडून एकदा तपासून घ्या. घ-ध आणि भ-म यांची अदलाबदल होते, रफार गळतो, दोन रकान्यांचं पान असलं तर ओळी एकमेकींत घुसतात. कोष्टकं हातानेच नीट करावी लागतात.

प्रकाशकाकडे मूळ टाइपसेटिंगची फाइल असते. विनंतीपत्र पाठवून बघा, काहीजण देतात. काहीजण उत्तरही देत नाहीत.

११. पुस्तक कुठेच मिळत नाही म्हणून स्कॅन करून घेतलं, तर ती चोरी होते का?

नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडबी) मध्ये याची स्पष्ट मुभा आहे. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून कुणीही व्यक्ती पुस्तक वाचनसुलभ रूपात आणू शकते. खासगी वापर, शिक्षण किंवा संशोधनासाठी ते दुसऱ्या दिव्यांग व्यक्तीलाही देऊ शकते. प्रकाशकाची परवानगी लागत नाही. अट एवढीच, की यात नफा कमवायचा नाही, फक्त तयार करण्याचा खर्च घेता येतो.

झेरॉक्सवाला ‘अख्खं पुस्तक स्कॅन करत नाही’ म्हणून अडला तर या कलमाचा कागद दाखवा. बहुतेक वेळा भागतं.

१२. मग ते पुस्तक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू का? माझा नवरा डोळस आहे, त्याने ऐकलं तर?

ग्रुपवर टाकू नका. वरची सूट फक्त दिव्यांग वाचकांपुरती आहे आणि दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे तुम्हाला माहीत नसतं. प्रती बाजारात जाणार नाहीत याची काळजी घेणं संस्थेवर कायद्याने बंधनकारक आहे. फाइल बाहेर फिरली तर निस्तरावं संस्थेला लागतं आणि पुढच्या वेळी प्रकाशक दार लावून घेतो.

तुम्ही खोलीत मोठ्याने लावलंय आणि नवऱ्याच्या कानावर पडलं, तर त्याची चिंता करू नका. त्याच्या फोनमध्ये फाइल टाकून देणं ही वेगळी गोष्ट. त्याला आवडलं असेल तर त्याने पुस्तक विकत घ्यावं.

१३. कोणती जुनी पुस्तकं कुणीही वाचून प्रसारित करू शकतं?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजायचे. हरि नारायण आपटे १९१९ साली गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली, साने गुरुजी १९५० साली. यांच्या हयातीत आलेलं साहित्य मोकळं आहे. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०२४ पासून मोकळं झालं. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत थांबावं लागेल.

तिढे इथेच आहेत. मूळ पुस्तक मोकळं असलं तरी अलीकडच्या संपादकाची प्रस्तावना, टिपा आणि नवा अनुवाद मोकळा नसतो. मोकळ्या पुस्तकाचं दुसऱ्याने केलेलं ध्वनिमुद्रणही त्याचंच. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. मजकूर हवा असेल तर मराठी विकिस्रोत हे मोफत ऑनलाइन ग्रंथालय पाहा, तिथला युनिकोड मजकूर स्क्रीन रीडर नीट वाचतो.

१४. माझा आवाज चांगला आहे. मला पुस्तकं रेकॉर्ड करायची आहेत.

आवाजापेक्षा चिकाटी लागते. दोनशे पानांचं पुस्तक म्हणजे साधारण सात तासांचं ध्वनिमुद्रण, आणि चुका काढण्यासकट त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ. आधी संस्थेला विचारा, नाहीतर तेच पुस्तक तिसऱ्यांदा रेकॉर्ड होतं.

पंखा बंद, खिडकी बंद, कुकरची वेळ टाळून. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, अनुक्रमणिका, सगळं वाचा. एका प्रकरणाची एक फाइल, नावाच्या सुरुवातीला ००१, ००२ असे आकडे. पान बदललं की पान क्रमांक सांगा. तळटीप आली की ‘टीप सुरू’ आणि ‘टीप संपली’. चित्र किंवा नकाशा असेल तर ‘इथे चित्र आहे’ म्हणून पुढे जाऊ नका, त्यात काय आहे ते दोन वाक्यांत सांगा. पात्रांचे आवाज काढू नका. कंटाळवाणा भाग गाळू नका, शिवी आली तर शिवीही वाचा. काय गाळायचं ते ऐकणारा ठरवेल.

१५. आमचं गावातलं छोटं ग्रंथालय आहे. आम्हाला यात काही करता येईल?

येईल. प्रश्न ११ मधल्या कलमात ‘संस्था’ म्हणजे कोण याची फोड दिली आहे आणि शासनमान्य ग्रंथालय त्यात बसतं. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेली अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालयं गावोगाव आहेत, म्हणजे कायद्याची अडचण नाही. एक संगणक, त्यात एनव्हीडीए, एक स्कॅनर आणि नोंदणीचे अर्ज भरून देणारा एक माणूस एवढ्यावर सुरुवात होते. पायरीला कठडा बसवा. ब्रेल पुस्तकांचं कपाट घेण्याआधी गावात ब्रेल वाचणारं कोण आहे ते विचारा. न उघडलेली ब्रेल कपाटं आम्ही बरीच पाहिली आहेत.

१६. ऑडिओ आल्यावर ब्रेल कशाला? आणि ज्याला ऐकूही येत नाही त्याने काय करायचं?

दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे. बहिरेपणही असलेल्या वाचकाला ब्रेलशिवाय पुस्तक नाही. शाळकरी मुलांना स्पेलिंग आणि गणितासाठी ब्रेल हवंच. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघतं, स्वागत थोरात यांनी ते सुरू केलं. आता ब्रेल डिस्प्लेही मिळतात. फोनला जोडलेल्या पट्टीवर टिंबं वरखाली होतात आणि मजकूर एकेक ओळ बोटाखाली येतो. सुगम्यवरची मजकूर असलेली पुस्तकं त्यावर वाचता येतात, नुसत्या आवाजाची नाहीत. शोधताना तेवढं पाहा.

ऐकू कमी येत असेल, पण येत असेल, तर आधी निवेदक बदला. वय झालेल्या कानांना उंच पट्टीतल्या आवाजापेक्षा खर्जातला आवाज बऱ्याचदा स्पष्ट लागतो.

१७. ब्रेल पुस्तकं पोस्टाने मागवली तर खर्च किती?

अंधांसाठीच्या साहित्याचं पाकीट ७ किलोपर्यंत साध्या मार्गाने टपालखर्चाशिवाय जातं. पाकीट तपासता येईल असं बांधा, वर ‘अंधांसाठी साहित्य’ आणि पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता ठळक लिहा. छोट्या कार्यालयात काउंटरवरच्या माणसाला ही तरतूद माहीत नसते. पोस्टमास्तरांना भेटा.

१८. आम्ही गोव्यात / अमेरिकेत राहतो. मराठी पुस्तकं कशी मिळतील?

गोव्यातल्या वाचकांना सुगम्य पुस्तकालय तसंच उघडं आहे. पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातही चौकशी करा.

परदेशासाठी मराकेश करार कामाला येतो. तो २०१३ साली झाला, त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत (२०१४), आणि अमेरिका २०१९ मध्ये आली. करारातल्या देशांतल्या अधिकृत संस्था एकमेकींना वाचनसुलभ पुस्तकं देऊ शकतात. आई-वडील न्यू जर्सीत असतील तर त्यांचं नाव आधी तिथल्या राष्ट्रीय सेवेत, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या एनएलएसमध्ये, राज्याच्या ग्रंथालयामार्फत नोंदवा आणि मराठी पुस्तक करारातून मागवता येईल का ते विचारा. मागताना पुस्तकाचं नाव, लेखक आणि प्रकाशक देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत लिहून द्या. नुसत्या देवनागरीत दिलेली मागणी तिथल्या यादीत सापडत नाही आणि ‘उपलब्ध नाही’ म्हणून परत येते.